हरवलेल्या दोन व्होल्टांचा माग

यवतमाळहून दारव्ह्याकडे, आर्णीकडे, घाटंजीकडे किंवा वणीकडे, कोणत्याही रस्त्याला लागा. गाणी वाजवत जाणारी एखादी काळी-पिवळी जीप किंवा ट्रॅक्टर भेटल्याशिवाय राहत नाही. या गाण्याच्या यंत्रात आता कॅसेट उरलेली नाही. तिची जागा पेन ड्राइव्हने आणि ब्लूटूथने घेतली आहे. तरी गाडीवाल्यांच्या तोंडी त्याचे नाव अजून 'टेप' हेच आहे. या लेखात आपणही त्याला टेपच म्हणू.

या टेपची एक तक्रार नेहमी ऐकू येते. आवाज लहान असला की तो छान वाजतो. आवाज वाढवला आणि ढोलाचा जोरदार ठोका पडला, की क्षणभर मुका होतो. त्याचे दिवे विझतात, पुन्हा लागतात, आणि पुढच्या ठोक्याला तेच घडते. गाडीवाला टेप काढून दुकानात नेतो. दुकानातल्या टेबलावर तो उत्तम वाजतो! मग संशय बॅटरीवर जातो. नवी बॅटरी येते, तक्रार जात नाही. मग स्पीकर बदलतात. हंगामाच्या कमाईतले काही हजार रुपये असे खर्ची पडतात, आणि खरा दोष मात्र पत्र्यावरच्या एका गंजलेल्या बोल्टाखाली सुखाने बसलेला असतो.

विद्यार्थी मित्रांनो, हा दोष शोधायला फार मोठी विद्या लागत नाही. शाळेत शिकलेला ओहमचा नियम आणि काही शे रुपयांना मिळणारा मल्टिमीटर एवढ्यावर काम भागते. अट एकच आहे. मोजमाप योग्य वेळी आणि योग्य ठिकाणी करायला हवे. ते कसे, हे आता पाहू.

वीज कोणत्या वाटेने जाते?

दोष शोधण्यापूर्वी वाट माहीत हवी. बॅटरीच्या धन अग्रापासून एक वायर निघते. अग्राजवळच तिच्यात फ्यूज, म्हणजे पाठ्यपुस्तकातली वितळतार, बसवलेला असतो. तेथून ती टेपच्या पाठीमागे येते. वेगळे विकत घेऊन बसवलेल्या बहुतेक टेपांत ही वायर पिवळी असते. टेपला लागणारी सारी ऊर्जा तिच्यातून येते. घड्याळाची वेळ आणि निवडलेली रेडिओ केंद्रे लक्षात ठेवण्याचे कामही तिच्याच जोरावर चालते. दुसरी वायर लाल. ती किल्लीच्या स्विचमधून येते आणि 'गाडी सुरू आहे, जागा हो' एवढाच निरोप टेपला देते. तिसरी काळी, ही परतीची वाट. (कारखान्यातून आलेल्या गाडीच्या मूळ वायरिंगचे रंग निराळे असू शकतात, म्हणून रंगावर विसंबू नये; मोजून खात्री करावी.)

काळी वायर बॅटरीपर्यंत जात नाही. ती जवळच्याच पत्र्याला बोल्टने कसलेली असते. बॅटरीचे ऋण अग्रही एका जाड वायरने गाडीच्या पत्र्याला आणि इंजिनाला जोडलेले असते. म्हणजे गाडीचा सारा सांगाडा हीच परतीची तार! मेकॅनिक याला 'अर्थिंग' म्हणतात. खरे तर जमिनीशी याचा काही संबंध नाही. गाडी रबराच्या चार टायरांवर उभी असते. पण शब्द रूढ झाला आहे, आपणही तोच वापरू.

आता लक्षात घ्या, की बॅटरी, फ्यूज, पिवळी वायर, टेप, काळी वायर, बोल्ट, पत्रा आणि पुन्हा बॅटरी हे सारे एकसर जोडणीत आहेत. म्हणून प्रत्येकातून एकच विद्युत्‌प्रवाह जातो आणि प्रत्येकाचा रोध एकमेकांत मिळवला जातो. वाटेत कुठेही रोध वाढला, तर त्याचा त्रास टेपला होणारच.

दाब किती असावा?

विभवांतराला आपण येथे थोडक्यात 'दाब' म्हणू. गाडीच्या बॅटरीत शिशाचे सहा घट एकसर जोडलेले असतात. पूर्ण भारित घटाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टांच्या आसपास. स्वस्थ पडलेली बॅटरी १२.२ व्होल्ट दाखवू लागली तर ती सुमारे अर्धी रिकामी झाली असे समजावे, आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. इंजिन सुरू झाले की जनित्र, म्हणजे अल्टरनेटर, बॅटरी भरू लागतो. तेव्हा तिच्या अग्रांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. इंजिन चालू असूनही आकडा १२.६ च्या वर जात नसेल, तर टेपकडे पाहूच नका. दोष अल्टरनेटरमध्ये, त्याच्या पट्ट्यात किंवा वायरिंगमध्ये आहे.

गाडीला बाराच व्होल्ट का? १९३० साली पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने 'मोटोरोला' नावाचा मोटारीचा रेडिओ बाजारात आणला, तेव्हा अनेक मोटारींची बॅटरी ६ व्होल्टांची होती. १९५० च्या दशकात मोटारींचे कारखाने १२ व्होल्टांकडे वळले. दाब दुप्पट केला की तेवढ्याच वॅटसाठी निम्मा प्रवाह पुरतो. तारेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती चौथ्या हिश्शावर येते. तरी घरातल्या २३० व्होल्टांच्या मानाने १२ व्होल्ट हा फारच लहान दाब आहे. घरात २ व्होल्ट वाटेत हरवले तर कोणाला पत्ता लागत नाही. गाडीत २ व्होल्ट हरवले, तर सहावा हिस्सा गेला!

यवतमाळच्या उन्हाचाही येथे विचार केला पाहिजे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, आणि बंद बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. तापमान १० अंशांनी वाढले की शिशाच्या बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा एक ढोबळ नियम आहे. उष्णतेने आतील पट्ट्या लवकर गंजतात, आम्लातले पाणी उडते. झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत उन्हाळ्यात वारंवार डिस्टिल्ड वॉटर भरावे लागते ते यामुळे. उन्हाळ्यात खचलेली बॅटरी मान टाकते ती मात्र पुष्कळदा थंडीतल्या एखाद्या सकाळी, कारण गारठ्यात रासायनिक क्रिया मंदावते. वरून पावसाळ्यात चिखलाचे शिंतोडे आणि दमट हवा बोल्टांना गंज चढवतात.

रिकामा दाब आणि भाराखालचा दाब

आता मूळ तक्रारीकडे वळू. मेकॅनिक टेप काढतो, वायरींच्या टोकांना मल्टिमीटर लावतो आणि १२.६ व्होल्ट पाहून म्हणतो, "करंट तर बरोबर येतोय!" येथेच घोटाळा होतो. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. ओहमच्या नियमाप्रमाणे एखाद्या रोधात हरवणारा दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. प्रवाहच शून्य असेल तर रोध कितीही असो, हरवलेला दाब शून्यच. नळाची तोटी बंद असताना गाळाने भरलेल्या पाइपातही पाण्याचा दाब पुरा दिसतो. तोटी उघडली की खरे काय ते कळते.

खुद्द ओहमला या अडचणीने छळले होते. गेऑर्ग ओहम हा जर्मनीत कोलोन येथे शाळेत शिकवणारा शिक्षक. निरनिराळ्या लांबीच्या तारांतून किती प्रवाह जातो हे तो मोजत होता. पण त्याच्याजवळचे विद्युत्‌घट प्रवाह देऊ लागले की त्यांचा दाब उतरे, आणि आकड्यांचा मेळ बसेना. पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्याने घट सोडून दिले आणि बिस्मथ व तांबे यांचे उष्णतायुग्म घेतले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. यातून मिळणारा दाब इवलासा, पण स्थिर. मग नियम स्वच्छ दिसला आणि १८२७ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. भार पडल्यावर दाब उतरतो ही गोष्ट ओहमला आडवी आली होती. आपल्याला मात्र तीच दोषाचा माग दाखवणार आहे.

माग काढण्याची रीत

एका जीपचे उदाहरण घेऊ. हिशेबाला सोपे जावे म्हणून आकडे सुटसुटीत घेतले आहेत. इंजिन बंद आहे, टेप मोठ्या आवाजात वाजतो आहे आणि १० अँपिअर प्रवाह घेतो आहे. मल्टिमीटर दिष्ट दाबाच्या, म्हणजे डी. सी. व्होल्टच्या, २० व्होल्टांच्या पट्टीवर ठेवून आपण पाच ठिकाणी मोजतो.

१. बॅटरीच्या दोन अग्रांवर: १२.४ व्होल्ट. भार नसताना १२.६ होते, ०.२ व्होल्ट बॅटरीच्या अंतर्गत रोधात गेले. बॅटरी धडधाकट आहे.

२. टेपच्या जोडणीत पिवळ्या व काळ्या वायरींमध्ये: १०.२ व्होल्ट. म्हणजे १२.४ वजा १०.२, एकूण २.२ व्होल्ट वाटेत हरवले.

३. फ्यूजच्या दोन बाजूंना: ०.१ व्होल्ट.

४. फ्यूजच्या पुढच्या टोकापासून टेपपर्यंत पिवळ्या वायरीच्या दोन टोकांवर: ०.३ व्होल्ट.

५. टेपच्या काळ्या वायरीपासून थेट बॅटरीच्या ऋण अग्रापर्यंत: १.८ व्होल्ट!

बेरीज करा: ०.१ अधिक ०.३ अधिक १.८ बरोबर २.२. हरवलेल्या दाबाचा पैसा न पैसा हिशेब लागला. गुस्टाव्ह किरखोफने १८४५ साली, विद्यार्थिदशेतच, मांडलेला नियम तो हाच: परिपथात फिरून मूळ जागी आलो की चढलेला आणि उतरलेला दाब सारखा भरतो. बेरीज जुळली नाही, तर मोजण्यात चूक आहे किंवा वाटेतला एखादा तुकडा मोजायचा राहिला आहे.

चोर परतीच्या वाटेवर आहे हे कळले. आता मल्टिमीटरचे एक टोक ऋण अग्रावर ठेवून दुसरे टोक पुढे सरकवत जायचे. बोल्टाजवळच्या स्वच्छ पत्र्यावर ०.१ व्होल्ट, आणि त्याच बोल्टाखालच्या वायरीच्या टोकावर, म्हणजे थिंबलवर, १.८ व्होल्ट. मधल्या एका मिलिमीटरच्या गंजात आणि रंगाच्या थरात १.७ व्होल्ट हरवत होते! बोल्ट सोडा, पत्रा चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासा, थिंबल घासा, घट्ट कसा आणि वरून थोडे पेट्रोलियम जेली लावा म्हणजे ओल शिरणार नाही. खर्च काही रुपयांचा.

टेप चालू-बंद का होत होता तेही आता उलगडते. दाब ठराविक पातळीखाली गेला की टेपमधील संरक्षक मंडल त्याला बंद करते. बंद होताच प्रवाह थांबतो. प्रवाह थांबताच गंजात हरवणारा दाबही शून्य होतो, आणि टेपला पुन्हा पुरे व्होल्ट मिळतात. तो सुरू होतो, ठोका पडतो, दाब कोसळतो, पुन्हा बंद! टेपात दोष नसताना तो आजारी दिसतो. दुकानातल्या टेबलावर जाड, स्वच्छ वायरींना लावल्यावर तो उत्तम वाजतो, यात नवल नाही.

या पद्धतीत एक व्यवहारी अडचण येते. गाण्यात प्रवाह सारखा कमी-जास्त होतो, म्हणून मल्टिमीटरचे आकडे नाचतात. त्यावर उपाय सोपा आहे. टेप काढून त्याच्या पिवळ्या व काळ्या वायरींना ६० वॅटचा हेडलाइटचा बल्ब जोडा. तो सुमारे ५ अँपिअर प्रवाह एकसारखा घेतो. आकडे स्थिर राहतात, फक्त हरवलेले व्होल्ट वरच्या उदाहरणाच्या निम्मे दिसतील. (बल्ब फार तापतो, तो हातात धरू नये, सीटवरही ठेवू नये.)

तुम्ही विचाराल, सरळ मल्टिमीटरने त्या सांध्याचा रोधच का मोजू नये? येथे रोध किती आहे पाहा: १.८ भागिले १०, म्हणजे ०.१८ ओहम. साध्या मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध याच्या बरोबरीचा असतो. सलगता तपासणारी त्याची शिट्टी या गंजावरही आनंदाने वाजेल. लहान टेस्ट लॅम्पचेही तसेच. तो जेमतेम पाव अँपिअर घेतो, ०.१८ ओहममध्ये त्याचे पाच शतांश व्होल्ट जातात आणि तो लख्ख पेटतो. 'अर्थिंग बरोबर आहे' ही खोटी साक्ष अशी मिळते. मोठ्या प्रवाहाच्या वाटेची परीक्षा मोठ्या प्रवाहानेच घ्यावी लागते.

हरवलेली ऊर्जा जाते कुठे?

१.८ व्होल्ट गुणिले १० अँपिअर म्हणजे १८ वॅट. ऊर्जा नाहीशी होत नाही. ती त्या वाटेवर, मुख्यतः त्या बोल्टाखाली, उष्णता होऊन बाहेर पडते. रेडिओ दुरुस्तीची लहान सोल्डरिंग इस्त्री २५ वॅटची असते, त्यावरून कल्पना करा. म्हणून मल्टिमीटर नसला तरी एक धडा लक्षात ठेवावा. थोडा वेळ मोठ्याने टेप वाजवून बंद करावा आणि सांध्यांवर जपून बोट लावून पाहावे. बाकीचे थंड आणि एकच सांधा गरम असेल, तर दोष तेथेच.

बारीक वायरही अशीच खाते. तांब्याची १ चौरस मिलिमीटर जाडीची ५ मीटर वायर घेतली तर तिचा रोध सुमारे ०.०८५ ओहम भरतो. १० अँपिअरला तिच्यात ०.८५ व्होल्ट जातात. २.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर ०.३४ व्होल्टच. चार पैसे वाचवण्यासाठी घेतलेली बारीक वायर रोज वीज खात राहते.

फ्यूज वायरीसाठी असतो

फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तारेचा तुकडा बसवलेला पुष्कळ गाड्यांत दिसतो. याचा परिणाम काय होईल, हे गणिताने पाहू.

समजा वरचीच ५ मीटर वायर दूरच्या टोकाशी सोलवटून पत्र्याला टेकली. वायरीचा रोध ०.०८५ आणि बॅटरीचा ०.०२, एकूण ०.१०५ ओहम. १२.६ भागिले ०.१०५ म्हणजे १२० अँपिअर! वायरीत निर्माण होणारी उष्णता १२० चा वर्ग गुणिले ०.०८५, म्हणजे सुमारे १,२२४ वॅट. एका इस्त्रीपेक्षाही जास्त. या वायरीतले तांबे सारे मिळून ४५ ग्रॅम. ते १ अंशाने तापवायला सुमारे १७ ज्यूल लागतात. म्हणजे वायर दर सेकंदाला ७० अंशांनी तापत जाईल. दोन-तीन सेकंदांत तिच्यावरचे प्लॅस्टिक वितळून धूर येऊ लागेल, आणि हे घडते ते डॅशबोर्डाच्या मागे, सीटच्या कापडाजवळ, कधी पेट्रोलच्या नळीशेजारी. १० अँपिअरचा योग्य फ्यूज असता, तर तो क्षणार्धात वितळून प्रवाह तोडता.

म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. फ्यूज मुख्यतः वायरीच्या रक्षणासाठी असतो आणि तो बॅटरीच्या शक्य तितका जवळ हवा, म्हणजे पुढची सारी वायर त्याच्या पहाऱ्यात येते. आणि फ्यूज उडाला तर तो आपले काम करून गेला. आता कारण शोधायचे काम आपले.

फ्यूज आणखी एक सत्य सांगतो. टेपच्या खोक्यावर '५० वॅट गुणिले ४', म्हणजे २०० वॅट, असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. टेपच्या पाठीवरचा फ्यूज पाहा. तो १० अँपिअरचा असेल, तर १४ व्होल्टांना आत जाणारी शक्तीच १४० वॅटच्या आसपास. आत १४० जात असताना सतत २०० बाहेर कसे येतील? खोक्यावरचा आकडा क्षणभराच्या शिखराचा असतो. १४.४ व्होल्टांवर चालणारा साधा टेप ४ ओहमच्या एका स्पीकरला शुद्ध सुरात जास्तीत जास्त २६ वॅट देऊ शकतो, तेही केवळ हिशेबाने. प्रत्यक्षात त्याहून कमी.

आणखी तीन तक्रारी

_दोन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ लागत नाही._ पुष्कळदा पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून थेट बॅटरीला जोडलेल्या असतात. टेप मग कधी झोपतच नाही. तपासण्यासाठी सर्व काही बंद करून बॅटरीच्या ऋण वायरीत मल्टिमीटर अँपिअरच्या मोठ्या पट्टीवर, १० अँपिअरच्या खोबणीत, एकसर जोडा. (या वेळी सेल्फ मारू नका, शेकडो अँपिअर जातील आणि मल्टिमीटर जळेल.) ०.०५ अँपिअरपर्यंत प्रवाह चालतो. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी त्याला ७०० तास, म्हणजे सुमारे २९ दिवस, पुरते. तोच ०.४ अँपिअर असेल तर ८७ तासांत बॅटरी पुरी रिकामी आणि दोन दिवसांच्या आतच अर्धी. आता एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा एकदम पडेल, गळती त्या शाखेत.

_गाण्यामागे कुंईऽऽ असा आवाज येतो._ ॲक्सिलरेटर दाबल्यावर तो सूर चढत असेल तर त्याचे मूळ अल्टरनेटरमध्ये आहे. अल्टरनेटर त्रिकला प्रत्यावर्ती धारा निर्माण करतो आणि डायोड तिला दिष्ट करतात. तरी थोडी लहर उरतेच. टेप आणि ॲम्प्लिफायर यांची अर्थिंग वेगवेगळ्या बोल्टांवर असली, तर त्या दोन बोल्टांमधला लहरणारा दाब गाण्यात मिसळतो. दोघांची अर्थिंग एकाच स्वच्छ जागी घेतली की आवाज बहुधा जातो. न गेल्यास इंजिन चालू ठेवून बॅटरीवर ए. सी. व्होल्ट मोजावेत. ते अर्ध्या व्होल्टाच्या वर असतील तर एखादा डायोड गेल्याचा संशय घ्यावा.

_ट्रकची एक बॅटरी सारखी खराब होते._ पांढरकवड्यावरून नागपूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो आणि वणीकडे कोळशाची वाहतूक चालते. मोठे ट्रक म्हणूनच जिल्ह्याच्या ओळखीचे. अशा ट्रकांत बहुधा १२ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. १२ व्होल्टांचा टेप लावण्यासाठी चालक मधूनच, एकाच बॅटरीवरून, वायर काढतो. टेप वाजतो, पण ती बॅटरी शेजारणीपेक्षा जास्त रिकामी होते. भरताना मात्र दोघींतून प्रवाह सारखाच जातो. परिणामी एक सदा अर्धपोटी आणि दुसरी अतिभाराने पाणी उडवणारी. शेवटी दोन्ही खराब. २४ चे १२ व्होल्ट करणारा कनव्हर्टर वापरणे हाच यावर नीट उपाय आहे.

एक सूचना आणि एक प्रयोग

बॅटरीवर काम करताना ऋण अग्राची वायर आधी काढावी आणि शेवटी जोडावी. धन अग्र सोडवताना पाना चुकून पत्र्याला लागला, तर ऋण वायर जोडलेली असल्यास थेट शॉर्ट सर्किट होते. ती काढलेली असल्यास परिपथच पुरा होत नाही. बॅटरी भरताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणून जवळ ठिणगी किंवा आगकाडी नको. गाडीवरची मोजमापे जाणत्या मेकॅनिकच्या देखरेखीखालीच करावीत.

वर्गात करण्यासारखा प्रयोग मात्र अगदी निर्धोक आहे. टॉर्चचे दोन सेल, टॉर्चचा २.५ व्होल्टांचा बल्ब आणि दोन्ही टोके तासलेली पेन्सिल घ्या. सारे एकसर जोडा. पेन्सिलीच्या शिशाने परतीच्या वाटेवरच्या गंजाचे काम करायचे. आधी बल्ब काढून त्याच्या होल्डरच्या दोन टोकांवर दाब मोजा. मध्ये पेन्सिल असूनही जवळजवळ पुरे ३ व्होल्ट दिसतील! आता बल्ब बसवा. सेलवर, बल्बवर आणि पेन्सिलीवर दाब मोजून वहीत तक्ता करा. बल्ब मिणमिणता असेल किंवा पेटणारही नाही, पण बल्ब आणि पेन्सिल यांवरच्या दाबांची बेरीज सेलच्या दाबाइतकी येते का ते पाहा. पेन्सिल काढून तांब्याची तार लावा आणि पुन्हा मोजा. नंतर जुने, वापरलेले सेल घेऊन बल्ब नसताना आणि असताना त्यांचा दाब किती बदलतो ते टिपा. ओहमला ज्या घटांनी सतावले, त्यांचे वागणे तुमच्या वहीत उतरलेले असेल.

एवढे झाले की गावातल्या एखाद्या ट्रॅक्टरचा टेप अडखळला तर तुमच्या मनात 'काय बदलावे' याऐवजी 'दाब कुठे हरवतो आहे' हा प्रश्न आधी येईल. ट्रॅक्टरचा हेडलाइट मंद का, शेतातल्या मोटरपंपाला लांबच्या खांबावरून वीज आणली की ती का गुरगुरते, सौर दिव्याची बॅटरी चांगली असून दिवा का मिणमिणतो, या साऱ्यांना तोच प्रश्न लागू पडतो. भार चालू ठेवा, वाटेचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्यावरचा दाब मोजा आणि बेरीज जुळवा. जो तुकडा आपल्या हिश्शापेक्षा जास्त व्होल्ट खातो, तोच दुरुस्त करायचा.